दुधाच्या हिशेबाशेजारचे ठिपके

नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातल्या एका स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बाजूच्या खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं आहे. तारखेच्या चौकटीत दुधाचा हिशेब: दीड, दीड, दोन, खाडा, दीड. मागच्या एप्रिलच्या मध्यापासून त्याच चौकटींत लाल पेनाचे ठिपके दिसू लागतात. कुठे एक, कुठे दोन. रात्री साडेदहा ते सकाळी आठच्या दरम्यान नवऱ्याचा ऑफिसचा फोन वाजला की एक ठिपका, असा वहिनींचा नियम. मे महिन्यातल्या एका रविवारी तीन ठिपके आहेत आणि चौथा नियमाबाहेरचा, संध्याकाळचा, चांगला दाबून काढलेला. कोणाला दाखवायला म्हणून त्यांनी हे सुरू केलं नव्हतं. पण पुढे आमच्या टीमला जे काही सुचलं ते त्या ठिपक्यांवरून, म्हणून सुरुवात तिथून.

मी त्या टीमचा लीड. ठिपके ज्याच्या नावाचे, तो आमचा डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा. वयानं सगळ्यांत मोठा, त्रेचाळीसचा, त्यामुळे सगळे त्याला भाऊच म्हणतात. इथेही तेच चालवतो. ग्राहक म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एक विमा कंपनी. पॉलिसी, क्लेम, एजंटांचं कमिशन, सगळं मेनफ्रेमवर, म्हणजे आयबीएमच्या मोठ्या संगणकावर. दिवसा सीआयसीएस या प्रणालीवर स्क्रीनवरचं ऑनलाइन काम, रात्री बॅच, म्हणजे ओळीनं आपोआप चालणारे जॉब, आणि खाली डीबी२ हा डेटाबेस. आम्ही चौघं: भाऊ, मी, आणि तीन-चार वर्षं अनुभवाची दोन पोरं, त्यातली एक अमरावतीची. आठवड्यात दोन दिवस मिहानमधलं ऑफिस, तीन दिवस घरून.

घड्याळाचं गणित

तिकडची रात्र म्हणजे आपला दिवस, मग बॅच आपल्या दिवसा चालते, झोपेला काय धोका? भाऊनं पुण्याची नोकरी सोडून नागपूरला यायचं ठरवलं तेव्हा त्यालाही असंच सांगितलं गेलं होतं. गणित तसं नाही. उन्हाळ्यात तिकडच्या आणि आपल्या घड्याळात साडेनऊ तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेदहाचा. तिकडे रात्री आठला बॅच सुटते तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच. ती दुपारी दीडपर्यंत चालते. तिकडचे एजंट आणि क्लेमवाले भर कामात असतात दुपारी एक ते साडेचार. ते आपले रात्री साडेदहा ते दोन. म्हणजे ऑनलाइन अडलं की मध्यरात्री फोन आणि बॅच पडली की पहाटे फोन. मधले साडेतीन तास तेवढे रिकामे. आणि देखभालीची वेळ तिकडे शनिवारी रात्री दहाची, म्हणजे आपली रविवारी सकाळी साडेसातची. भाऊची शिफ्ट कागदावर दुपारी दीड ते रात्री साडेदहा होती. शिफ्टमध्ये सगळ्यात कमी फोन यायचे.

दिवसा झोप काढू म्हणावं, तर नागपूरचा मे महिना. पारा पंचेचाळीसवर, कूलरची घरघर, वाळ्याच्या ताट्या दुपारपर्यंत कोरड्या, आणि लाइट गेली की पंधरा मिनिटांत खोलीची भट्टी. वहिनी शाळेत शिकवतात, पावणेसातला घर सोडतात. मुलगी नववीत. भाऊचे वडील घरात, त्यांचं दहा वाजताचं औषध भाऊकडे. पहाटे साडेपाचला उठलेला माणूस पुन्हा झोपायला जाणार कधी, ते घरात कोणालाच सांगता आलं नसतं.

तो रविवार

त्या रविवारी रात्री सव्वाला पहिला फोन: क्लेमची स्क्रीन लटकली आहे. वीसेक मिनिटांत निपटलं. पाच चाळीसला दुसरा: एक जॉब पडला, पुन्हा चालवला, गेला. सात पन्नासला तिसरा, आणि गोष्ट इथे आहे.

आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि रविवारी, क्लेमच्या एका मोठ्या टेबलमध्ये नव्यानं डेटा भरणारा जॉब चालतो. पायऱ्या साध्या. स्टेप ०२० मध्ये लोड रिप्लेस, लॉग नो. म्हणजे जुनं सगळं काढून नवं भरायचं आणि वेळ वाचावा म्हणून लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, काही लिहायचं नाही. स्टेप ०३० मध्ये इमेज कॉपी, म्हणजे डेटाची राखीव प्रत. ०४० मध्ये रनस्टॅट्स, म्हणजे टेबलची आकडेवारी गोळा करणं. लॉग नो भरल्यावर डीबी२ त्या टेबलस्पेसला, म्हणजे टेबल जिथे साठवलेलं असतं त्या जागेला, 'कॉपी पेंडिंग'ची खूण लावतं. त्याचं म्हणणं बरोबरच आहे: हा डेटा लॉगमध्ये नाही, कॉपीतही नाही, उद्या डिस्क गेली तर मी आणू कुठून? आधी कॉपी काढ, मग बदल करू देतो. वाचायला मात्र मोकळीक असते. ही मोकळीकच त्या दिवशी नडली.

०३० ची स्टेप एसबी३७ देऊन पडली. कॉपीच्या डेटासेटला दिलेली जागा भरली, एवढाच त्याचा अर्थ. टेबल वाढलं, जेसीएलमधला, म्हणजे जॉब चालवायच्या सूचनांमधला, जागेचा आकडा कित्येक वर्षांपूर्वीचा. भाऊनं अंधाऱ्या खोलीत लॅपटॉप उघडला, व्हीपीएन जोडलं, एसडीएसएफ या जॉब दाखवणाऱ्या स्क्रीनवर जॉब बघितला, आकडा वाढवला आणि रिस्टार्ट दिला. फक्त रिस्टार्ट ०३० ऐवजी ०४० वरून दिला. तीनाच्या जागी चार. रनस्टॅट्स झाली, रिटर्न कोड शून्य, म्हणजे सगळं ठीक, आणि जॉब सोडणाऱ्या शेड्युलरवर जॉब हिरवा. भाऊ झोपला.

टेबल दिवसभर कॉपी पेंडिंगमध्ये. क्लेम बघणाऱ्यांना सगळं व्यवस्थित दिसतंय. रविवारी सकाळी आठला, आपल्या साडेपाचला, तिकडच्या कोणीतरी एक क्लेम दुरुस्त करायचा प्रयत्न केला आणि मायनस ९०४ हा एरर आला: रिसोर्स अनअव्हेलेबल, म्हणजे हवं ते आत्ता मिळत नाही. पाठोपाठ सगळ्यांनाच. भाऊ त्या वेळी वर्धा रोडवरच्या एका लॉनमध्ये होता, भाचीच्या साखरपुड्यात. मुलाकडच्यांच्या ओट्या भरणं चाललं होतं. तो गाडीत जाऊन बसला, एसी लावला आणि मांडीवर लॅपटॉप घेतला.

नंतर त्यानं मला सांगितलं, "दोन मिनिटं हात शिवशिवत होता. रिपेअर मारावं, नो कॉपी पेंडिंग सेट करावं, निघून जावं आत." हे करता येतं. रिपेअर युटिलिटीनं ती खूण पुसता येते आणि टेबल लगेच मोकळं होतं. पण खूण पुसली म्हणून कॉपी निघत नाही. पुढची कॉपी निघेपर्यंत काही बिघडलं तर परत आणायला हातात काहीच नाही. भाऊनं ते केलं नाही. कॉपी सोडली, बारा मिनिटं थांबला, टेबलची स्थिती दाखवणारी डिस्प्ले कमांड मारून बघितलं, खूण गेली होती. बाहेर आला तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. फोटोत मामा नाही.

सोमवारच्या कॉलमध्ये ग्राहकाकडून प्रश्न आला: ही मानवी चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार? मी नेहमीसारखं उत्तर दिलं, चेकलिस्ट वाढवू, दुसऱ्याकडून तपासून घेऊ. बोलताना माझं मलाच कसंसं झालं. रात्रीत तिसऱ्यांदा उठवलेल्या माणसाला मी आणखी एक चेकलिस्ट देणार होतो.

ठिपके मोजले

त्याच आठवड्यात मी भाऊच्या घरी गेलो. विषय रजेचा होता. एचआरचा सल्ला, आठ दिवस सुट्टी घ्या, ताजेतवाने व्हा. वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "आठ दिवस जाईल तो, पण फोन सोबतच नेईल ना. तुम्ही लोक त्याला सुट्टी देऊन राहिले का फोनला?" मग कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवलं.

सहा आठवड्यांत त्रेचाळीस ठिपके. आमच्या तिकीट प्रणालीत त्याच काळातल्या त्याच वेळातल्या नोंदी सत्तावीस. सोळा फोनांची कुठेच नोंद नाही, कारण पाच मिनिटांच्या फोनसाठी कोण तिकीट उघडतं? आणि ज्याची नोंद नाही ते ग्राहकाच्या दृष्टीनं झालेलंच नाही.

भाऊच्या मोबाइलमधली कॉलची यादी समोर ठेवून आम्ही एकेका ठिपक्याला कारण लावलं. दोन तास लागले. एकोणीस ठिपके फक्त तीन जॉबचे. अकरा ऑनलाइन लटकण्याचे. सहा डीबीएशी संबंधच नसलेले. कोबॉल प्रोग्राममध्ये एस०सी७ आला, म्हणजे आकड्याच्या जागी भलतंच काही भरलं गेलं, आणि तिकडच्या ऑपरेटरनं सवयीनं भाऊला फोन लावला. चार निव्वळ "झालं का?" विचारायला. उरले तीन. माणसाला झोपेतून उठवण्याच्या लायकीचे फोन त्रेचाळीसात तीन होते.

इथे माझं मत लिहून टाकतो. कामाचा आणि घराचा तोल म्हटलं की आमच्या क्षेत्रात योगासनं, सुट्ट्या, 'सीमा आखायला शिका' असली भाषणं सुरू होतात. मी स्वतः असली दोन सत्रं घडवून आणली आहेत, समोसे छान होते. भाऊची झोप मोडत होती ती जेसीएलमधल्या एका जुन्या आकड्यामुळे आणि एका प्रोग्राममधल्या कमिटमुळे, म्हणजे केलेले बदल पक्के करायच्या आज्ञेमुळे. तिथे योगासनाला काय करता येणार?

तीन जॉब

पहिला जॉब वर सांगितलाच. सहा आठवड्यांत बारा वेळा चालला, सात वेळा जागेवरून पडला. मग भाऊनं आकडा कायमचा का वाढवला नाही? कारण प्रॉडक्शनच्या जेसीएलला हात लावायचा तर तीन मंजुऱ्या आणि दहा दिवस. स्वतःच्या प्रतीत बदल करून रिस्टार्ट द्यायला चार मिनिटं. प्रत्येक पहाटे चार मिनिटंच स्वस्त वाटायची. आम्ही मंजुऱ्या घेतल्या आणि आकडाच काढून टाकला. युटिलिटीत टेम्प्लेट नावाची सोय आहे. ती दिली की डेटासेटला किती जागा लागेल ते डीबी२ स्वतःच काढतं. ही सोय २००१ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून आहे. आमचा जॉब त्याआधीच्या सवयीनं लिहिलेला होता आणि नंतर कोणी उघडून बघितला नव्हता. शिवाय लोडमध्येच इनलाइन कॉपी घेतली, म्हणजे लोड आणि कॉपी एकाच स्टेपमध्ये. आता ०३० ही स्टेपच नाही, त्यामुळे चुकीच्या स्टेपवरून रिस्टार्ट द्यायचा प्रश्नही नाही.

दुसऱ्या जॉबचे आठ ठिपके. एका छोट्या संदर्भ टेबलमध्ये रोज पहाटे फाइल भरायची, तीही लोड रिप्लेसनं. वरच्या यंत्रणेकडून कधीकधी रिकामी फाइल येते. लोड रिप्लेसला रिकामी फाइल दिली की तो तक्रार करत नाही, आज्ञाधारकपणे टेबल रिकामं करतो आणि शून्य रिटर्न कोड देतो. मग पुढच्या प्रत्येक प्रोग्रामला 'रेकॉर्ड सापडला नाही', आणि भाऊला फोन. त्याला उपाय पाच ओळींचा. आधी आयडीकॅम्स या फाइली हाताळणाऱ्या प्रोग्रामची एक स्टेप घालायची, फाइलमधला फक्त एक रेकॉर्ड छापायला सांगायचं. फाइल रिकामी असेल तर रिटर्न कोड चार येतो. चार आला तर लोड वगळायचा, कालचा डेटा राहू द्यायचा आणि फाइल पाठवणाऱ्या टीमला निरोप जाऊ द्यायचा. जुन्या मेनफ्रेमवाल्यांना ही युक्ती तोंडपाठ असते. भाऊलाही होती. घालायला वेळ झाला नव्हता, कारण सकाळी तो टेबल परत भरण्यात गुंतलेला असे.

तिसऱ्याकडे शेवटी येतो.

कमिट

अकरा ठिपके रात्री साडेदहानंतरचे. तिकडे दुपारी एकला कमिशनचा एक जॉब सुटतो आणि ऑनलाइन चालू असतानाच क्लेमच्या टेबलमध्ये बदल करतो. हा प्रोग्राम पन्नास हजार ओळी बदलल्यावर एकदा कमिट करायचा. तोवर बदललेल्या प्रत्येक ठिकाणचं लॉक त्याच्याकडे. लॉकची संख्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की डीबी२ सुटी लॉक सोडून सरळ अख्ख्या टेबलस्पेसवर लॉक घेतं. देशपांडे सभागृहात एकेका खुर्चीवर रुमाल टाकता टाकता माणसानं कंटाळून दारालाच कुलूप लावावं, तसं. बाहेर सीआयसीएसचे व्यवहार ताटकळतात, वेळ संपली की मायनस ९११, कधी ९१३, म्हणजे लॉक मिळालं नाही. स्क्रीनवरच्या माणसाला एवढंच कळतं की लटकलं.

दर रात्री भाऊ काय करायचा? कोणी लॉक धरलंय ते बघायचा, तो जॉब थांबवायचा, गर्दी ओसरली की पुन्हा सोडायचा. म्हणजे रात्री दोनपर्यंत जागा.

पन्नास हजारांचे पाचशे करा, एवढं सांगायला सोपं. पण कमिट झालं की ओळी एकेक करून वाचणारा साधा कर्सर बंद होतो, म्हणून तो 'विथ होल्ड', म्हणजे कमिटनंतरही उघडा राहणारा, करावा लागला. आणि जॉब मध्येच पडला तर कुठून उचलायचं, हे आता लिहून ठेवावं लागणार, म्हणून एक छोटं रिस्टार्ट टेबल. अमरावतीच्या पोरीनं हे कोबॉलमध्ये नऊ दिवसांत केलं, चाचणीसकट. तिनं जावा शिकून मेनफ्रेमवर येऊन तीन वर्षं झाली होती आणि तोवर तिच्याकडे कोणी रिपोर्टच्या पलीकडचं काम दिलं नव्हतं. तो दोष माझा.

या एका बदलानं एक दुसरंच कुलूप उघडलं, ते आम्ही ठरवलं नव्हतं. रविवारी सकाळची देखभाल म्हणजे मुख्यतः रीऑर्ग, टेबलमधला डेटा पुन्हा नीट रचून ठेवणं. टेबल चालू ठेवूनही रीऑर्ग करता येतो, शेअरलेव्हल चेंज देऊन; डीबी२ बाजूला सावलीसारखी दुसरी प्रत तयार करतं, मधले बदल लॉगमधून त्यावर चढवतं आणि शेवटी अदलाबदल करतं. फक्त त्या अदलाबदलीच्या क्षणी त्याला सगळ्यांनी बाजूला व्हायला हवं असतं, आणि दीर्घकाळ कमिट न करणारा प्रोग्राम बाजूला होतच नाही. पूर्वी दोनदा करून बघितलं होतं, दोन्हीदा फसलं, म्हणून 'आपल्याकडे ऑनलाइन रीऑर्ग चालत नाही' अशी समजूत रुळली होती. कमिट सुधारल्यावर तिसऱ्यांदा केलं, चाललं. बॅच दुपारी दीडला संपते आणि तिकडची माणसं साडेचारला येतात. मधल्या तीन तासांत, बुधवारी, भर शिफ्टमध्ये, आम्ही रीऑर्ग करायला लागलो. त्यासाठी जास्तीची डिस्क मागावी लागली. ग्राहकानं कुरकुर करून दिली. भाऊचा रविवार असा परत आला.

भाऊची पीडीएस

आता जरा अवघड भाग. फोन कमी झाले तरी येणारे फोन भाऊलाच का? चौघांची पाळी का नाही? मी वेळापत्रक काढलं तेव्हा दोन्ही पोरं म्हणाली, "सर, आम्हाला फोन घ्यायला हरकत नाही, पण करायचं काय ते भाऊंच्या पीडीएसमध्ये आहे."

पीडीएस म्हणजे मेनफ्रेमवरचा एक प्रकारचा फोल्डर, आतल्या फाइली म्हणजे मेंबर; ती मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली. भाऊच्या स्वतःच्या यूजर आयडीखाली, दीडशेच्या घरात मेंबर. नावं: टेस्ट१, टेस्ट१ए, नवा, नवा२, रविवार, पप्पू. हे पप्पू काय, तर भाऊ म्हणाला, "अबे ते महत्त्वाचं आहे, त्याला हात नको लावू." बारा वर्षांची पुण्याई तिथे साठलेली. कोणता जॉब पडला तर कोणता मेंबर उघडायचा, हे फक्त एका डोक्यात.

भाऊचा यात काही वाटाच नव्हता असं मी म्हणणार नाही. पहाटे फोन येतो, आपण दहा मिनिटांत सोडवतो, सातासमुद्रापलीकडून कोणीतरी धन्यवाद म्हणतं, यात एक नशा असते. पोरांना दाखवायला तासभर जातो, स्वतः केलं तर दहा मिनिटं. आणि मलाही ते सोयीचंच होतं. भाऊ असताना माझी झोप शाबूत होती.

दोन महिने लागले. दर मंगळवारी दोन तास पीडीएसमधले मेंबर एकेक करून उघडायचे: हे काय करतं, कधी लागतं, अजून लागतं का? जवळजवळ निम्मे टाकून दिले. पप्पू निघाला एका ऑपरेटरच्या टोपणनावावरून ठेवलेला आणि आता बंद झालेल्या जॉबचा. उरलेल्यांना शहाणी नावं दिली आणि सगळ्यांच्या लायब्ररीत हलवले. प्रत्येक नेहमीच्या बिघाडाला एक पान. ग्राहकाला इंग्रजी प्रत दिली, पण आमची स्वतःची पानं आम्ही मराठीत लिहिली, कारण पहाटे पाचला डोकं ज्या भाषेत चालतं त्याच भाषेत वाचायला हवं. कॉपी पेंडिंगच्या पानाची पहिली ओळ भाऊनं सांगितली तशीच आहे: 'घाबरू नको. आधी डिस्प्ले मार, रिस्ट्रिक्ट लावून. काय दिसतं ते वाच, मगच हात लाव.' खाली जाड अक्षरात: 'रिपेअर मारायचा नाही. मारावासा वाटला तर भाऊला उठव.'

एका पानामुळे रात्रीचं बरंच काम सोपं झालं, त्याची माहिती सगळ्यांनाच उपयोगी पडेल. रीबाइंडनंतर, म्हणजे प्रोग्रामनं डेटापर्यंत कसं पोचायचं हे डीबी२नं नव्यानं ठरवल्यावर, एखाद्याची ती वाट, ॲक्सेस पाथ, बिघडते, इंडेक्स सोडून तो अख्खं टेबल चाळत बसतो. पूर्वी असं झालं की भाऊ एक्सप्लेन काढून, म्हणजे ती वाट डीबी२कडून प्लॅन टेबलमध्ये लिहून घेऊन, पहाटेपर्यंत बघत बसे. आता रीबाइंड करतानाच प्लॅन मॅनेजमेंट चालू ठेवलेलं असतं, त्यामुळे जुना पाथ जपून राहतो. रात्री फक्त 'स्विच प्रीव्हियस' देऊन एका कमांडमध्ये परत मागे जायचं. कारण शोधायचं ते दुपारी, जेवून. आणि रनस्टॅट्स, रीऑर्ग, कॉपी कोणाला खरंच लागते हे विचारायला डीएसएनएसीसीओएक्स नावाची स्टोअर्ड प्रोसीजर, म्हणजे डेटाबेसमध्येच ठेवलेला प्रोग्राम, डीबी२ सोबतच येते. ती रिअल टाइम स्टॅटिस्टिक्स, म्हणजे डीबी२ स्वतः ठेवतं ती ताजी आकडेवारी, बघून यादी देते. ती दर सोमवारी चालवायला लागल्यावर सरसकट सगळ्या टेबलांवर चालणारी कामं बरीच कमी झाली.

सराव कुठे करायचा

पानं वाचून धीर येत नाही, हात बसावा लागतो. मेनफ्रेमची पंचाईत ही की ती घरी आणता येत नाही. पोरांनी आधीच हर्क्युलिस उतरवून घेतलं होतं. मेनफ्रेमची नक्कल करणारं हे एम्युलेटर लॅपटॉपवर चालतं आणि त्यावर एमव्हीएस ३.८ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम बसवता येते. जेसीएल लिहायची, जॉब पडताना बघायची सवय त्यावर उत्तम होते. पण त्यात डीबी२ शोधू नका. ती प्रणाली डीबी२ बाजारात येण्याच्या आधीची आहे. डीबी२ची घोषणाच १९८३ ची. आयबीएमचा झेड एक्सप्लोर हा शिकायचा कार्यक्रम फुकट आहे, खऱ्या झेड/ओएसवर, म्हणजे आजच्या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, लॉगिन मिळतं, नवख्यानं तिथून सुरुवात करावी. डीबी२ची लिनक्स-विंडोजवरची कम्युनिटी आवृत्तीही फुकट मिळते, एसक्यूएल पक्कं करायला चांगली; पण तिथल्या युटिलिटी वेगळ्या, कॉपी पेंडिंगचा आमचा सराव तिच्यावर होणार नाही. वाचायला आयबीएमचं ऑनलाइन डॉक्युमेंटेशन आणि रेडबुक्स आहेत, दोन्ही विनामूल्य. आणि १९८८ पासून चालत आलेली आयडीयूजी ही डीबी२ वापरणाऱ्यांची संघटना आहे, तिथल्या सादरीकरणांत आपल्यासारखेच पोळलेले लोक बोलतात. एरर कोड चॅटमध्ये विचारण्याआधी मूळ डॉक्युमेंटेशनमध्ये बघायची सवय मात्र लावून घ्यावी लागते. रीझन कोड वाचल्याशिवाय नुसता मायनस ९०४ म्हणजे 'पोट दुखतं' एवढंच.

आमच्या कामाला खरी आली ती ग्राहकाच्या टेस्ट सबसिस्टीममधली एक कोपऱ्यातली जागा. मी एक डेटाबेस मागितला, तीन टेबलस्पेस, पोरांना त्याच्यावर डीबीएडीएम, म्हणजे त्या डेटाबेसपुरते व्यवस्थापकाचे अधिकार. मंजुरीला महिना गेला. मग दर शुक्रवारी चार वाजता आमची मोडतोड सुरू झाली. भाऊ काहीतरी बिघडवून ठेवणार, लॉग नो लोड करून कॉपी न काढता सोडणार किंवा कमिट न करता एक सत्र लटकत ठेवणार, आणि पोरांनी पान उघडून सोडवायचं. भाऊनं बोलायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या शुक्रवारी तो चार वेळा बोलला. तिसऱ्या शुक्रवारी मी त्याला खाली तर्रीपोहे खायला पाठवलं.

नंतर

ग्राहकाला पाळीपद्धत पटवणं अपेक्षेपेक्षा सोपं गेलं, पण कारण थोडं लाजिरवाणं आहे. आम्ही प्रत्येक फोनची नोंद करायला लागलो, पाच मिनिटांचीही, आणि ते तास महिन्याच्या बिलात दिसायला लागले. लगेच तिकडच्या ऑपरेटरांना सूचना गेली: एस०सी७ आला तर ॲप्लिकेशनच्या माणसाला फोन करा, 'झालं का' विचारायचं असेल तर शेड्युलर बघा. जे आम्ही दोन वर्षं विनवून सांगत होतो ते एका बिलानं झालं.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या सहा आठवड्यांत चौघांना मिळून नऊ फोन आले. त्यातले भाऊच्या वाट्याला तीन. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली आणि बॅच पहाटे साडेसहाला सुटू लागली, ती एक तासाची भेट वेगळी.

पण भाऊ लगेच झोपायला लागला नाही. वहिनी म्हणाल्या, ऑगस्टमध्ये फोन थांबले तरी हा दीडला उठून मोबाइल बघतो, चार्जिंग तपासतो, पुन्हा पडतो. धरमपेठेतल्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली आहे, ती चालू आहे. अमरावतीच्या पोरीचा पहिला एकटीचा फोन पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आला, पहाटे पाच पन्नासला. शहरात मारबत निघायची होती. तिनं पान उघडलं, डिस्प्ले मारला, पंचवीस मिनिटांत सोडवलं आणि मग सात वाजता भाऊला मेसेज टाकला. भाऊ तो मेसेज येण्याआधीपासून जागा होता. शेड्युलरवर जॉब लाल झालेला त्यानं बघितला होता, आणि फोन उचलून तिला लावायचा नाही म्हणून मोबाइल वहिनींच्या पर्समध्ये ठेवून अंगणात जाऊन बसला होता.

राहिला तिसरा जॉब. एका बाहेरच्या कंपनीचा जुना प्रोग्राम, अधूनमधून एस०सी४ देऊन, म्हणजे मेमरीत भलत्याच जागी हात घालून, पडतो आणि पुन्हा चालवला की मुकाट जातो. आधीच्या स्टेपमध्ये डीबी२चा अनलोड, म्हणजे टेबलमधला डेटा फाइलमध्ये काढणं, आहे म्हणून सगळ्यांना तो डेटाबेसचा वाटायचा. डेटाबेसचा त्यात काहीच दोष नाही. लोड मॉड्यूल, म्हणजे चालवायचा तयार प्रोग्राम, आहे; तो ज्यातून बनला ते सोर्स कोणाकडेच नाही. आपोआप एकदा पुन्हा चालवायची सोय शेड्युलरमध्ये करा, असं आम्ही सुचवलं आहे. लेखापरीक्षणाच्या कारणानं ग्राहक तयार नाही. त्यामुळे पडला की माणूस उठवावा लागतो. डिसेंबरच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी, भाऊचे जे तीन ठिपके आहेत त्यातले दोन याचेच.

या आठवड्यात पाळी माझी आहे. काल सहा चाळीसला वाजला.